मेडिकलच्या वहीत लिहिलेलं नाव

थोडं लांब लिहितोय. पण विषय आपल्या रोजच्या मेडिकलचा आहे, तेव्हा वेळ काढून वाचा.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तीन शहरांत काही औषधं लोक स्वतःच्या गल्लीतल्या मेडिकलमधून घेत नाहीत. टीबीच्या गोळ्या, डिप्रेशनच्या गोळ्या, ७२ तासांच्या आत घ्यायची ती गोळी, प्रेग्नन्सी टेस्टचं किट, गुप्तरोगाचं औषध. बदलापूरचा माणूस त्यासाठी अंबरनाथला उतरतो, अंबरनाथचा उल्हासनगरला जातो आणि उल्हासनगरचा कल्याणला. स्टेशनजवळच्या कुठल्याही केमिस्टला विचारा, तो हसून सांगेल की अशी गिऱ्हाईकं रोजची आहेत, चेहऱ्याने ओळखीची नसलेली आणि घाईत असलेली.

गोळी तीच, किंमत तीच. तिकीट काढून माणूस जातो तो फक्त एका गोष्टीसाठी, आपलं नाव आणि आपला आजार एकाच तोंडातून बाहेर पडू नये म्हणून.

हा प्रवास का करावा लागतो, याचं उत्तर शोधायला मी जुने कायदे आणि निकाल चाळत बसलो. जे हाती लागलं ते एका वाक्यात सांगायचं तर असं: रुग्णाचं नाव लिहून घ्यायला आपल्या देशात केमिस्टला कायद्याने १९४५ च्या नियमांपासून सांगितलं, आणि ते नाव बाहेर सांगू नको हे कायद्याच्या भाषेत स्पष्टपणे सांगितलं ते २०१५ साली. मधली ७० वर्षं वही होती, गुपित मात्र दुकानदाराच्या भलेपणावर चाललं होतं. आजही बरंचसं तसंच चाललंय.

आता सुरुवातीपासून बघू.

गुपित पाळण्याची कल्पना काही साहेबाने आणलेली नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात वैद्यकी शिकणाऱ्या शिष्याला जी शपथ सांगितली आहे, तिच्यात रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत हे स्पष्ट आहे. ग्रीकांच्या हिपोक्रेटिसच्या शपथेतही तेच आहे. पण या दोन्ही शपथा वैद्याच्या. औषध देणाऱ्या माणसाकडून अशी शपथ कुणी घेतली नव्हती.

आणि खरं सांगायचं तर पूर्वी तिची फारशी गरजही पडत नसे. ज्यांनी जुने दवाखाने पाहिलेत त्यांना कंपाउंडर आठवत असेल. आतून डॉक्टर काहीतरी खरडून द्यायचे, खिडकीतून कंपाउंडर लाल किंवा गुलाबी मिक्स्चरची बाटली द्यायचा. बाटलीला डोस दाखवणारी कागदाची कातरलेली पट्टी चिकटवलेली. सोबत पांढऱ्या पुड्या. सकाळ-दुपार-संध्याकाळ. त्या बाटलीवर ना औषधाचं नाव, ना आजाराचं. शेजारीण घरी आली आणि फळीवर बाटली दिसली तरी तिला काही कळत नसे. ताप असेल, पोट बिघडलं असेल, क्षय असेल, बाटली सारखीच दिसायची.

मग कारखान्यात बनलेल्या, छापील नावाच्या गोळ्यांची पट्टी आली. रुग्णाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं, आपण काय खातोय ते कळायला लागलं. पण त्याच वेळी औषध बोलकं झालं. आता तर पट्टीचा फोटो काढून मोबाइलवर शोधलं की दोन मिनिटांत समोरच्याचा आजार कळतो. औषध बोलायला लागल्यावर देणाऱ्याने गप्प बसणं जास्त गरजेचं झालं, आणि नेमकं तिकडेच कुणी लक्ष दिलं नाही.

कायद्याचं लक्ष दुसरीकडे होतं, आणि त्याला कारणही होतं. १९३० च्या सुमारास बाजारात भेसळ आणि बनावट औषधं इतकी वाढली होती की सरकारने आर. एन. चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा, त्याखालचे १९४५ चे नियम आणि १९४८ चा फार्मसी कायदा आला. नियम क्रमांक ६५ म्हणतो की चिठ्ठीवरच्या औषधाची नोंद ठेवा: तारीख, डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव-पत्ता, औषध, ते बनवणारी कंपनी, बॅच नंबर, किती दिलं, आणि फार्मासिस्टची सही. हेतू चांगलाच होता. बनावट औषध निघालं तर ते कुणाकडे गेलं ते शोधता यावं. पण ही नोंद कुणी बघायची नाही, कुणाला सांगायची नाही, याबद्दल त्यात रुग्णाच्या बाजूने काही नव्हतं. वही होती ती इन्स्पेक्टरसाठी.

याच काळात आपली शहरं वसत होती, हेही लक्षात घ्या. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला दिली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचं उल्हासनगर झालं. लष्करी बराकी, एकेका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये पार्टिशन. आपण आजही पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतो. पार्टिशनपलीकडे खोकला ऐकू जायचा, तिथे आजार लपवणार कुठे? अंबरनाथला विम्कोची काडेपेटी आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, पुढे एमआयडीसी. कामगार, चाळी, क्वार्टर्स. बदलापूर तर कालपरवापर्यंत गावच होतं, सगळे सगळ्यांना ओळखणारे. मुंबईत घर परवडत नाही म्हणून आलेल्या माणसांनी ते वाढवलं.

अशा शहरांत मेडिकलवाला हा नुसता दुकानदार नसतो. तो उधारी देतो, रात्री शटर अर्धं उघडून तापाचं औषध देतो, लग्नाला येतो. तो आपला असतो, आणि म्हणूनच त्याला सगळं माहीत असतं. आपलेपणा आणि गुपित एकाच काउंटरवर नांदवणं अवघड आहे. "वहिनी, दादांच्या त्या गोळ्या संपल्या असतील ना?" हे चार माणसांत विचारणारा केमिस्ट वाईट माणूस नसतो, काळजीनेच विचारतो. पण वहिनींना त्या गोळ्यांचं माहीत नसेल तर? किंवा मागे उभ्या असलेल्या शेजाऱ्याला?

कामगारांचा पेच आणखी वेगळा होता आणि आहे. १९४८ च्या ईएसआय कायद्याखाली टीबीसारख्या दीर्घ आजारात पगाराचा मोठा हिस्सा घरी बसून मिळण्याची सोय झाली, आजारपणाच्या रजेत मालकाने कामावरून काढू नये असं संरक्षणही मिळालं. पण त्यासाठी आजाराचं नाव कागदावर सांगावं लागतं. ज्याची नोकरी पक्की त्याने सांगितलं. कंत्राटावरचा माणूस मात्र गप्प बसला, कारण त्याला संरक्षण नाही आणि मुकादमाला कळलं तर उद्यापासून हजेरी बंद. अशी माणसं लांबच्या मेडिकलमधून गोळ्या घेतात, दोन महिन्यांनी बरं वाटलं की सोडतात. टीबीची गोळी मध्येच सोडली की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि मग तो त्या एका माणसापुरता राहत नाही.

नाव बाहेर फुटण्याच्या भीतीने आजार लपतो, हा धडा आपल्या राज्याला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळाला होता. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ ला साथरोग कायदा आला. घरोघर झडत्या, रुग्णाला उचलून नेणं, घरावर राहण्यास अयोग्य अशी खूण रंगवणं. लोकांनी काय केलं? माणसं लपवली. आजारी आईला माळ्यावर ठेवलं, प्रेतं गुपचूप हलवली, गावं सोडली आणि प्लेग सोबत नेला. पुण्यात तर प्रकरण रँडच्या खुनापर्यंत गेलं, २२ जून १८९७. सक्तीने नाव काढायला गेलं की नावाबरोबर रोगही भूमिगत होतो.

तो धडा आपण विसरलो, आणि तो पुन्हा शिकायला एका गोवेकर तरुणाचा बळी द्यावा लागला.

डॉमिनिक डिसोझा. नियमित रक्तदान करणारा तरुण. त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याला म्हापशाला पोलिसांनी बोलावलं आणि तिथून थेट एका जुन्या क्षयरोग सॅनिटोरियममध्ये कोंडलं. पहाऱ्यात, एकटा, ६४ दिवस. गुन्हा काहीच नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा तशी तरतूद होती. त्याची आई ल्युसी डिसोझा मुंबई हायकोर्टाच्या गोवा खंडपीठात गेली. डॉमिनिक सुटला, पण निकालात सरकारचा वेगळं ठेवण्याचा अधिकार कोर्टाने मान्यच केला. कायदा सौम्य झाला तो नंतर, लोकांच्या दबावाने. डॉमिनिक १९९२ च्या मे महिन्यात गेला. जाण्याआधी त्याने एचआयव्ही असलेल्यांसाठी संस्था उभी केली होती. पुढे आलेला 'माय ब्रदर निखिल' हा सिनेमा त्याच्या आयुष्यावरून सुचलेला आहे.

या प्रकरणात एक गोष्ट बघा. रक्तपेढीच्या तपासणीतली माहिती पोलिसांपर्यंत पोचली आणि पोलिसांकडून गावभर. ज्याचं रक्त होतं त्याला विचारायचं कुणाला सुचलं नाही. वहीतलं नाव कुणाचं, या प्रश्नाचं तेव्हाचं उत्तर होतं, सरकारचं.

आठ वर्षांनी, १९९७ मध्ये, मुंबई हायकोर्टात दुसरी केस आली. एका सरकारी कंपनीत रोजंदारीवर काम करणारा मजूर. कायम करण्याआधी तपासणी झाली, एचआयव्ही निघाला, काम गेलं. अंगात कामाची ताकद होती तरी गेलं. त्याला कोर्टात जायचं होतं, पण कोर्टात गेलं की नाव छापून येणार. मग न्याय मिळून उपयोग काय, चाळीत राहायचं कसं? कोर्टाने त्याला नाव न लावता लढायची परवानगी दिली. म्हणून आज ती केस ओळखली जाते ती 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' अशी. तो जिंकला. काम करू शकणाऱ्या माणसाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून काढता येणार नाही असं कोर्ट म्हणालं. माझ्या मते या निकालातली तेवढीच मोठी गोष्ट ती दोन अक्षरं आहेत. त्या माणसाचं नाव आजही आपल्याला माहीत नाही, आणि ते माहीत नसणं हीच त्याची खरी जीत.

लगेच पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९९८ मध्ये, सुप्रीम कोर्टाने दुसरी बाजू दाखवली. नागालँडच्या एका डॉक्टरने दुसऱ्या रुग्णासाठी रक्त दिलं, एचआयव्ही निघाला, हॉस्पिटलकडून बातमी फुटली, ठरलेलं लग्न मोडलं. त्याने दाद मागितली. कोर्ट म्हणालं, गुप्ततेचा हक्क आहे, पण जिच्याशी लग्न ठरलंय तिच्या जिवाला धोका असेल तर तिचा हक्क मोठा. त्याच निकालात एचआयव्ही असलेल्यांच्या लग्नाच्या हक्काबद्दल जे जास्तीचं म्हटलं गेलं होतं, ते डिसेंबर २००२ मध्ये कोर्टाने मागे घेतलं. गुपिताला मर्यादा आहे हे मात्र कायम राहिलं, आणि ते रास्तच आहे. एखाद्या ठरावीक माणसाच्या जिवावर बेतणार असेल तर बोलावंच लागतं. पण 'ठरावीक माणसाच्या जिवावर' आणि 'सोसायटीला कळायला हवं' यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आपण नेमकी तिथेच गल्लत करतो.

आता परत आपल्या मेडिकलकडे येऊ.

२०११ च्या शेवटी आणि २०१२ च्या सुरुवातीला हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉ. झरीर उदवाडियांनी कुठल्याच औषधाला दाद न देणारे टीबीचे रुग्ण मुंबईत असल्याचं जगासमोर मांडलं. खळबळ उडाली. मे २०१२ मध्ये केंद्राने टीबी हा कळवणं बंधनकारक असलेला आजार ठरवला. मग 'शेड्युल एच-वन' आलं, १ मार्च २०१४ पासून लागू. सुरुवातीला ४६ औषधं. त्यात वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, सवय लावणारी औषधं. यांच्यासाठी वेगळी वही, डॉक्टरचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध, किती दिलं, आणि ही वही ३ वर्षं जपून ठेवायची.

या वहीला माझा विरोध नाही, हे स्पष्ट सांगतो. कफ सिरपच्या बाटल्या आणि झोपेच्या गोळ्यांनी आपल्याकडची किती पोरं वाया गेली हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. ज्याला लोक कुत्ता गोळी म्हणतात ती चिठ्ठीशिवाय विकणाऱ्याला पकडायचं तर वही हवीच. अँटिबायोटिक्स शेंगदाण्यासारखी खाल्ली जाऊ नयेत यासाठीही हवी. प्रश्न वही असण्याचा नाही, ती काउंटरवर उघडी पडलेली असण्याचा आहे.

आणि मग, जानेवारी २०१५. फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स. भारतीय फार्मसी परिषदेने केलेल्या या नियमांत पहिल्यांदा स्पष्टपणे आलं की नोंदणीकृत फार्मासिस्टने व्यवसायात कळलेलं रुग्णाचं गुपित उघड करायचं नाही. अपवाद तीन. न्यायालयाचा आदेश असेल तर, एखाद्या ठरावीक व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका असेल तर, आणि कळवणं बंधनकारक असलेला आजार असेल तर. डॉक्टरांना २००२ च्या आचारसंहितेत जे सांगितलं होतं, तेच तेरा वर्षांनी औषध देणाऱ्याला सांगितलं.

यात एक मोठं भोक आहे. नियम 'नोंदणीकृत फार्मासिस्ट'ला लागू होतो. त्याने तोडला तर त्याच्यावर, त्याच्या नोंदणीवर कारवाई. पण काउंटरवर कोण असतं? भिंतीवर फ्रेममध्ये प्रमाणपत्र एकाचं आणि औषध देणारा दुसराच, हे चित्र महाराष्ट्राला नवीन नाही. महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच, बिल द्यायलाच हवं असा आग्रह धरला, तेव्हा केमिस्टांच्या संघटना किती चिडल्या होत्या ते आठवून बघा. १९४८ च्या मूळ कायद्यात नोंदणी नसलेल्याने औषध दिलं तर ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १००० रुपयांपर्यंत दंड होता. पण वाद नेहमी फार्मासिस्टचा पगार कोण देणार यावर झाला. तो मुलगा रुग्णाचं गुपित कसं पाळणार, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. ज्याच्याकडे नोंदणीच नाही त्याची नोंदणी रद्द करणार कशी?

पुढचं वळण २०१८ चं. त्या एका वर्षात तीन गोष्टी झाल्या.

१६ मार्च २०१८ ला केंद्राची अधिसूचना आली. टीबीचा रुग्ण कळवणं आता डॉक्टर-हॉस्पिटलबरोबर केमिस्टलाही बंधनकारक, नाही कळवलं तर तेव्हाच्या भारतीय दंड विधानाच्या २६९ आणि २७० या कलमांखाली कारवाई होऊ शकत होती.

१० सप्टेंबर २०१८ ला २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. त्यात उलट सांगितलं. संमती किंवा कोर्टाचा आदेश असल्याशिवाय कुणाची एचआयव्ही स्थिती उघड करायची नाही. ज्यांच्याकडे अशा नोंदी आहेत त्यांनी त्या सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था करायची. आणि कलम ३४ नुसार अशा व्यक्तीला टोपणनावाने केस चालवता येते. म्हणजे १९९७ साली एका अनाम मजुराने मागून घेतलेली सवलत २१ वर्षांनी देशाचा कायदा झाली.

एकाच काउंटरला सहा महिन्यांत दोन आदेश, इथे बोल आणि तिथे गप्प बस. नीट वाचलं तर यात विरोध नाही. टीबीचं कळवायचं ते आरोग्य खात्याला, उपचार पूर्ण व्हावेत म्हणून. कळवलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत आहारासाठी पैसेही मिळतात. कळवायचं म्हणजे खात्याला कळवायचं. गल्लीला नाही, मालकाला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर मुळीच नाही. हा फरक काउंटरवरच्या माणसाला कुणी बसवून समजावून सांगितला का? मी ज्या ज्या केमिस्टांशी बोललो त्यांच्यापैकी एकानेही असं प्रशिक्षण झाल्याचं सांगितलं नाही.

तिसरी गोष्ट त्याच सप्टेंबरच्या २८ तारखेची. ऑनलाइन औषधविक्रीच्या विरोधात देशभर मेडिकल बंद होती. संघटनेचे अध्यक्ष जगन्नाथ शिंदे, आपल्या कल्याणचे आप्पा. छोट्या दुकानदाराच्या पोटाचा प्रश्न खरा होता आणि आहे. पण त्याच्या महिनाभर आधी, ऑगस्टमध्ये, केंद्राने ई-फार्मसीच्या नियमांचा जो मसुदा काढला होता, त्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचं कलम होतं. चर्चा झाली ती डिस्काउंटची. गुपिताची चर्चा ना कंपन्यांनी केली ना संघटनेने. मसुदा पुढची कित्येक वर्षं अंतिम झालाच नाही. मला तर वाटतं इथे आपल्या केमिस्टांची मोठी संधी हुकली. 'आम्ही तुमची माहिती कुठल्या कंपनीला देत नाही, आमच्याकडे तुमचं गुपित राहतं' हे गल्लीतल्या दुकानाला अभिमानाने म्हणता आलं असतं. डिस्काउंटला याहून चांगलं उत्तर नाही.

मग आला कोविड. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात होम क्वारंटाइनवाल्यांच्या हातावर शिक्के मारले गेले. एप्रिलमध्ये तेलंगणा, आंध्र आणि आपल्या राज्यातही ताप-खोकल्याचं औषध घेणाऱ्यांची नावं आणि फोन नंबर लिहून घ्या असं केमिस्टांना सांगण्यात आलं. रुग्ण लवकर सापडावा हा हेतू. परिणाम काय झाला ते आठवा. नावांच्या याद्या ग्रुपवर फिरल्या, दाराला बोर्ड लागले, बरं होऊन आलेल्याला लिफ्ट नाकारली. आणि लोकांनी घरातल्या जुन्या गोळ्या खाऊन ताप दाबला. प्लेगच्या वेळी माळ्यावर माणूस लपवला होता, या वेळी ताप लपवला.

नाव झाकण्याचं महत्त्व आपल्याला कळत नाही असंही नाही. २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले, तो दिवस कुणी विसरणार नाही. त्यानंतर पोक्सो कायद्याचं कलम २३ आपल्याकडे अनेकांना पहिल्यांदा कळलं, की बालकाची ओळख उघड होईल असं काहीही माध्यमांतून छापता-दाखवता येत नाही. नाव सांगणं म्हणजे पुन्हा एकदा इजा करणं, हे तेव्हा आपल्याला पटलं. तेच तत्त्व मेडिकलच्या काउंटरवर आणायला काय हरकत आहे? २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या प्रकरणात म्हटलंय की अल्पवयीन मुलीची आणि तिच्या पालकांची तशी विनंती असेल तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करायची गरज नाही. का? कारण नाव फुटेल या भीतीने मुली भोंदूकडे जातात आणि मरतात.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी निकालाने खासगीपणा हा मूलभूत हक्क झाला. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. पण तो डिजिटल माहितीचा कायदा. कागदी वही त्याच्या बाहेर. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आपण चिठ्ठीचे जे फोटो पाठवतो ते दुकानातल्या कुणाच्या मोबाइलमध्ये किती वर्षं राहतात? मुलगा नोकरी सोडून गेला तर मोबाइल घेऊनच जातो ना?

गंमत बघा. सॅनिटरी पॅड मागितलं की आजही बऱ्याच दुकानांत ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर पिशवीत घालून, चोरून दिल्यासारखं देतात. ज्यात लाजण्यासारखं काही नाही ते झाकतात. आणि "अरे, त्या टीबीवाल्यांचं पार्सल काढ" हे आतल्या मुलाला ओरडून सांगतात. हे मी स्वतः एकापेक्षा जास्त दुकानांत ऐकलंय. काय झाकायचं आणि काय नाही, हे आपण उलटं शिकलोय.

करायचं काय? मोठं काही नाही, खर्चाचंही नाही.

नोंदवही काउंटरवर उघडी ठेवू नका, खणात ठेवा. चिठ्ठी वाचताना औषधाचं नाव मोठ्याने पुकारू नका, बोटाने दाखवा. गर्दी असेल तर "जरा बाजूला या" म्हणा, तेवढ्याने समोरच्याचा जीव भांड्यात पडतो. काउंटरवरच्या प्रत्येक मुलाकडून, नोंदणी असो वा नसो, मालकाने दोन ओळींचं लिहून घ्यावं की इथलं बाहेर बोलणार नाही. चिठ्ठ्या दुकानाच्या एकाच मोबाइलवर घ्याव्यात, औषध दिलं की फोटो काढून टाकावा. आणि टीबीचं कळवायचं ते नेमकं कुणाला हे एका कागदावर लिहून आतल्या बाजूला चिकटवावं.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूरच्या केमिस्ट संघटनांनी हे एका बैठकीत ठरवलं तर महिन्याभरात होईल. अन्न व औषध प्रशासनाने तपासणीला येताना वही भरली आहे का एवढंच न बघता ती कुठे ठेवली आहे हेही बघावं.

आणि आपण गिऱ्हाइकांनीही एक करायचं. रांगेत पुढच्याच्या चिठ्ठीत डोकवायचं नाही. "कुणासाठी रे हे?" असं विचारायचं नाही. केमिस्टशी ओळख आहे म्हणून शेजाऱ्याची चौकशी त्याच्याकडे करायची नाही. विचारणारा नसेल तर सांगणारा कुणाला सांगेल?

वहीतलं नाव कुणाचं, या प्रश्नाला गोव्यात १९८९ साली उत्तर मिळालं होतं, सरकारचं. १९९७ ला एका मजुराने ते आपलं म्हणून परत मागून घेतलं. कायद्यात आता ते रुग्णाचंच आहे. काउंटरवर ते अजून व्हायचंय. ज्या दिवशी बदलापूरचा माणूस टीबीची गोळी बदलापुरातच, आपल्याच गल्लीत, मान वर करून घेईल, त्या दिवशी झालं म्हणायचं.

तुमच्या ओळखीत कुणी केमिस्ट असेल तर हे त्यांना वाचायला द्या. चिडून नाही, प्रेमाने द्या. रात्री अकराला शटर उघडणारा माणूस तोच आहे.